घरबसल्या पाहिलेली मैफल : 'आयर्न मेडन : फ्लाइट ६६६' या संगीतपटातील प्रेक्षकाचा विचार

प्रस्तावना :

मैफल आणि मैफलीचे चित्रण या दोन भिन्न वस्तू आहेत, हे कोणीही मान्य करील. परंतु त्यांतील दुसरी ही पहिलीची उणी प्रत समजायची की स्वतंत्र कलाकृती, याविषयी एकवाक्यता आढळत नाही. रॉक संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हे संगीत आवाजाच्या प्रचंडतेवर, गर्दीवर आणि देहाच्या हालचालीवर उभे असते, आणि या तिन्ही गोष्टी घराच्या चार भिंतींत मावत नाहीत. मोसम नदीच्या खोऱ्यातील नामपूरसारख्या गावात 'बँड' म्हटले की आजही प्रथम आठवतो तो लग्नाच्या वरातीपुढचा बँड. येथील एखाद्या तरुणाला इंग्रजी रॉकची गोडी लागलीच, तर ती पूर्वी दूरचित्रवाणी संचासमोर किंवा संगणकासमोर लागत असे, आता मोबाइलच्या पडद्यावर लागते. मुंबईचे मैदान अडीचशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. तिकीट, प्रवास आणि रात्रीचा मुक्काम यांचा खर्च वेगळाच. त्यामुळे त्याचा रॉक मैफलीचा अनुभव हा बहुधा संपूर्णपणे चित्रपटाचाच अनुभव असतो. हा अनुभव नेमका कशाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेला संगीतपट थेट मुंबईतच सुरू होतो, हे या निवडीमागील कारण होय.

मुंबईचे एक गाणे :

आयर्न मेडन हा १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये स्थापन झालेला हेवी मेटल प्रकारातील वाद्यवृंद. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर त्यांच्या जगप्रवासाचा पहिला प्रयोग झाला आणि १६ मार्चला टोरांटो येथे त्या टप्प्याची सांगता झाली. ४५ दिवसांत २३ प्रयोग झाले. वाद्यवृंद, त्यांचे सहायक आणि सारे सामान एकाच बोइंग ७५७ विमानातून जगभर फिरत होते, आणि ते विमान वाद्यवृंदाचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवीत होता. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन या कॅनडातील दिग्दर्शकांनी या प्रवासाचे चित्रण केले. डन हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक असून 'मेटल : अ हेडबँगर्स जर्नी' (२००५) आणि 'ग्लोबल मेटल' (२००८) या त्यांच्या आधीच्या माहितीपटांतही संगीताइतकेच ते ऐकणाऱ्या माणसांकडे लक्ष दिलेले दिसते.

'फ्लाइट ६६६' दोन तबकड्यांवर घरी आला. पहिल्या तबकडीवर प्रवासाचा माहितीपट आहे. दुसरीवर केवळ मैफल आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने हीच तबकडी महत्त्वाची आहे. तीत १६ गाणी आहेत आणि ती १६ वेगवेगळ्या शहरांतील आहेत. 'एसेस हाय' हे पहिले गाणे मुंबईचे. दुसरे मेलबर्नचे, तिसरे सिडनीचे, चौथे टोकियोचे. पुढे माँटेरे, लॉस एंजेलिस, साओ पाउलो, बोगोटा अशी शहरे येत जातात आणि शेवटचे गाणे टोरांटोचे आहे. गाण्यांचा क्रम जवळजवळ एका प्रयोगाचा आहे. मात्र असा प्रयोग कोठेही झालेला नाही. घरी बसलेला प्रेक्षक जी मैफल पाहतो, तिला पृथ्वीवरील एकही मनुष्य उपस्थित नव्हता.

ही गोष्ट लबाडी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. संगीतपटाच्या इतिहासात असे सांधकाम नवे नाही. 'दि साँग रिमेन्स द सेम' (१९७६) हा लेड झेपेलिनचा चित्रपट न्यूयॉर्कमधील १९७३ च्या प्रयोगांचा म्हणून ओळखला जातो; परंतु त्यातील काही दृश्ये नंतर इंग्लंडच्या स्टुडिओत पुन्हा चित्रित केलेली आहेत. जोनाथन डेमी यांचा 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४) अनेक रात्रींच्या चित्रणातून एक रात्र घडवितो. या दोन्ही चित्रपटांत सांधा लपविलेला आहे. 'फ्लाइट ६६६' मात्र प्रत्येक गाण्यासोबत शहराचे नाव सांगतो. त्याचा प्रामाणिकपणा येथे आहे, आणि त्याची खरी अडचणही येथूनच सुरू होते.

एक गाणे संपून दुसरे सुरू होते तेव्हा मंचावर काय बदलते? फारसे काहीच नाही. तेच सहा वादक, तीच इजिप्शियन धाटणीची सजावट, त्याच उड्या. बदलतो तो समोरचा जनसमुदाय. वाद्यवृंद कायम आणि प्रेक्षक बदलता, असे हे गणित आहे. मुंबईच्या मैदानावर त्या रात्री पूर्ण प्रयोग झाला. परंतु पडद्यावरील मुंबईकर केवळ पहिले गाणे ऐकतो. चर्चिल यांच्या भाषणाची ध्वनिफीत वाजते, ब्रिटनवरील हवाई युद्धात लढणाऱ्या वैमानिकाचे गाणे सुरू होते, हात उंचावतात, आणि गाणे संपताच तो समुदाय कायमचा अदृश्य होतो. आरंभाचा जल्लोष करणे एवढेच काम त्याच्याकडे सोपविलेले आहे. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या ध्वनिमुद्रिकेतील हे गाणे भारतातील ज्या पिढीने कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर ऐकले, तिला ते प्रत्यक्ष ऐकायला २४ वर्षे लागली. (हा वाद्यवृंद २००७ मध्ये बंगळूरला येऊन गेला होता, तेवढी सवलत धरावी.) ही प्रतीक्षा गाण्याच्या चित्रणात उमटत नाही. कॅमेऱ्याला मुंबईत गर्दी दिसते, वय दिसत नाही.

'वन्स मोअर' आणि मागे नेण्याची कळ :

मराठी रंगभूमीने 'प्रयोग' हा शब्द फार नेमका निवडला आहे. तेच नाटक, तेच नट, तरी प्रयोग दरवेळी नवा. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक 'वन्स मोअर' देत आणि पद पुन्हा होई. बालगंधर्वांची नाटके पहाटेपर्यंत लांबत, ती काही अंशी याच प्रेक्षकांमुळे. दुसऱ्यांदा म्हटलेले पद पहिल्यासारखे नसे. ते मागणाऱ्याला उद्देशून म्हटलेले असे, त्यात एखादी नवी जागा येई. तमाशातील दौलतजादाही याच जातीची. पैसा देणाऱ्याचे नाव लावणीच्या मध्येच घेतले जाते आणि प्रयोगाची वाट थोडी वळते.

घरातील प्रेक्षकाच्या हाती मागे नेण्याची कळ आहे. तोही गाणे पुन्हा ऐकू शकतो, शंभर वेळा ऐकू शकतो. परंतु ते अक्षरशः तेच असते. त्याने मागितले म्हणून काहीही घडत नाही. या ठिकाणी बालगंधर्वांच्याच आयुष्यातील एक प्रकरण उद्बोधक ठरते. प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) नंतर त्यांचे 'अमृतसिद्धी' हे नाटक 'साध्वी मीराबाई' (१९३७) या नावाने पडद्यावर आले. नाटकाचा चित्रपट करण्यापेक्षा नाटकच कॅमेऱ्यासमोर ठेवावे, असा तो प्रकार होता. पुढे बालगंधर्व रंगभूमीकडेच परतले. ज्या गायकाचा विस्तार समोरच्या दादेवर अवलंबून होता, त्याच्यासमोर दाद देऊ न शकणारे यंत्र ठेवले गेले होते, हे कारण आवाजाच्या वा वयाच्या कारणांइतकेच विचारात घेण्याजोगे आहे.

रॉकच्या संगीतपटाने या अडचणीवर जो उपाय शोधला तो चतुर आहे. त्याने दादसुद्धा चित्रित करून टाकली. समुदायाचा आवाज वेगळ्या ध्वनिग्राहकांनी टिपला जातो आणि नंतर तो किती ठेवायचा, कोठे वाढवायचा, हे मिश्रणाच्या मेजावर ठरते. घरातील प्रेक्षकाला दाद देण्याचे कारणच उरत नाही. त्याच्या वतीने ती आधीच दिलेली असते. मालेगावच्या व्हिडिओगृहांत, ज्यांचे वातावरण फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटामुळे दूरवर पोहोचले, पडद्यासमोरचे प्रेक्षक स्वतः शिट्ट्या वाजवीत, नटाशी बोलत. नामपूरच्या घरात हेडफोन लावून बसलेला विद्यार्थी मात्र हजारोंच्या कल्लोळात एकटाच गप्प असतो.

सिद्धी आणि पडदा :

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या 'सिद्धी'चा विचार केला आहे. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून आणि देहातून प्रकट होते : स्मित, हास्य, प्रशंसेचे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे देणे. दैविकी सिद्धी याहून वेगळी. रंगमंडप भरलेला आहे, तरी शब्द नाही, क्षोभ नाही, ही तिची खूण. प्रयोगाचा घात करणाऱ्या गोष्टींतही भरताने समोरच्यांकडून होणारा आरडाओरडा, शेण-ढेकळे फेकणे यांची नोंद केली आहे, ती त्याच्या व्यवहारज्ञानाची साक्ष होय. प्रेक्षक हा प्रयोगाचा घटक आहे आणि म्हणूनच तो प्रयोग बिघडवूही शकतो, असा याचा अर्थ.

'फ्लाइट ६६६' मध्ये मानुषी सिद्धी विपुल आहे, घात कोठेही नाही. रांगेत ताटकळलेला, मागच्या बाजूला काहीच दिसत नसलेला, कंटाळून बाहेर पडलेला प्रेक्षक संकलनात गळून गेला आहे. प्रत्यक्ष मैदानावर मागे उभा असलेला माणूसही मंचाशेजारच्या मोठ्या पडद्याकडेच पाहत असतो, हा फिलिप ऑस्लँडर यांच्या 'लाइव्हनेस' (१९९९) या ग्रंथाशी जुळणारा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु मैदानावरील माणूस पडदा पाहताना ढोलाचा ठोका छातीत झेलत असतो. घरच्या संचाच्या लहान ध्वनिक्षेपकांतून खर्जाचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात. स्टीव्ह हॅरिस यांचे बासगिटार हा या वाद्यवृंदाचा कणा. घरी त्यांची बोटे स्पष्ट दिसतात आणि सूर मात्र अंदाजाने ऐकावा लागतो. कानाचे नुकसान डोळा भरून काढतो. काही वेळा तर अधिकच भरून काढतो : तीन गिटारांपैकी कोणता तुकडा कोण वाजवितो, हे मैदानापेक्षा घरीच नीट कळते. अभ्यासकाला घरचा पडदा सोयीचा वाटतो तो यासाठी.

या तबकडीवरील सर्वांत दीर्घ गाणे कोलरिजच्या 'एन्शंट मरिनर' या १७९८ च्या काव्यावर आधारलेले, तेरा मिनिटांहून अधिक लांबीचे आहे. मूळ काव्यात लग्नाला निघालेल्या पाहुण्याला म्हातारा खलाशी वाटेत अडवितो आणि केवळ नजरेने जखडून कथा ऐकवितो. आतून वाजंत्री ऐकू येत असते, पण पाहुणा हलू शकत नाही. ऐकणाऱ्यावरील सक्ती हाच त्या काव्याचा एक विषय आहे. मैदानावरील प्रेक्षक गाण्याच्या मधल्या संथ भागात असाच जखडलेला असतो. घरातील पाहुणा मात्र कधीही उठून जाऊ शकतो आणि परत आल्यावर खलाशी त्याच ओळीवर थांबलेला असतो.

मग संगीतपटाला ऐकणारा माणूस दाखविताच येत नाही काय? 'माँटेरे पॉप' (१९६८) मध्ये पेनबेकर यांनी ते केले आहे. पंडित रविशंकर यांची सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला ऐकू येत राहतो, आणि कॅमेरा बराच वेळ वादकांकडे न जाता ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर फिरतो. कोणी डुलतो, कोणी अर्धवट झोपेत आहे, कोणी गोंधळलेला. वादक दिसतात तोवर ऐकणे म्हणजे काय हे पाहून झालेले असते. 'फ्लाइट ६६६' मधील गर्दीला एवढा वेळ मिळत नाही. अपवाद आहे तो पहिल्या तबकडीवर, बोगोटा येथे. ढोलवादक निको मॅकब्रेन यांनी फेकलेली काठी एका कोलंबियन तरुणाच्या हाती लागली आहे. ती धरून तो रडत उभा आहे आणि कॅमेरा त्याच्यापासून हलत नाही. त्याच्याभोवतीचा जल्लोष ओसरलेला आहे. मंचावर आता कोणी नाही.