लेप कुठे लावतात?

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. लेनिनचा देह टिकवताना रशियनांनी जे शब्द वापरले, त्यांचे इंग्रजीत काय झाले, याच्याशी लोहाऱ्यातल्या माणसाचा संबंध काय? संबंध घरातूनच आला. गेल्या वर्षी आम्ही देहदानाचा अर्ज भरला. सोबतच्या माहितीपत्रकात ‘शवसंलेपन’ असा शब्द होता. साक्षीदार म्हणून सही करायला मुलगी बसली होती. तिने विचारले, “बाबा, म्हणजे तुम्हाला लेप लावणार का?” आम्ही म्हटले, नाही गं, मानेतल्या नाहीतर मांडीतल्या रक्तवाहिनीतून फॉर्मालिनचे द्रावण आत सोडतात. “मग लेप कुठे लावतात?” कुठेच नाही!

हा लेप प्रक्रियेतून आलेला नाही, शब्दातून आला आहे. इंग्रजी ‘एम्बाम’च्या पोटात ‘बाम’ आहे, म्हणजे झाडाचा सुगंधी चीक. रशियन ‘बाल्झामिरोवानिये’च्या पोटातही तोच बाल्सम. आपल्याकडे शब्द घडवताना हात शवाकडे गेला नाही, बामाच्या डबीकडे गेला. मिसरच्या ममीला आपले जुने लोक ‘मसाला भरून ठेवलेले प्रेत’ म्हणत. ते निदान आत काहीतरी जाते एवढे तरी सांगत होते.

म्हणजे रशियन आणि इंग्रजी शब्द एकाच बामाचे. मग भाषांतर सोपेच असायला हवे, नाही का? घोटाळा इथेच होतो. शब्द सारखा, पण काम वेगळे. अमेरिकेत ही विद्या पसरली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. सैनिकाचे शव रेल्वेने घरी पोचेपर्यंत टिकावे, आईला शेवटचे तोंड पाहता यावे, एवढाच हेतू. काही दिवसांचा प्रश्न, मग दफन. इंग्रजी वाचकाच्या मनात ‘एम्बाम’ म्हटले की हे चित्र येते.

मॉस्कोत काय झाले? लेनिन २१ जानेवारी १९२४ ला वारला. अब्रिकोसोव्हने पहिल्यांदा जे केले ते याच अमेरिकी अर्थाचे होते, अंत्यदर्शनापुरते. नंतर खार्किवचा शरीररचनाशास्त्रज्ञ वोरोब्योव्ह आणि बोरिस झ्बार्स्की यांनी मार्चअखेरपासून जुलैपर्यंत काम केले. १ ऑगस्टला समाधिगृह उघडले. पण काम तिथे संपले नाही, आजही संपलेले नाही. सुमारे दीड वर्षाने देह ग्लिसरिन आणि पोटॅशियम ॲसिटेटच्या द्रावणात बुडवून ठेवतात, सांधे लवचिक राहतात की नाही ते पाहतात, पुन्हा बाहेर ठेवतात.

रशियन क्रियापद हा फरक अंगावरच वागवते. काम चालू होते तर ‘बाल्झामिरोवाली’, करून झाले तर ‘झाबाल्झामिरोवाली’. इंग्रजीत दोन्हींचे ‘एम्बाम्ड’ होते आणि वाचक समजतो, झाले एकदाचे. बोरिसचा मुलगा इल्या झ्बार्स्की हा त्या प्रयोगशाळेत १९३४ पासून होता. त्याचे ‘लेनिन्स एम्बामर्स’ १९९८ ला इंग्रजीत आले, तेही बार्बरा ब्रे यांनी फ्रेंचवरून केलेले. पुस्तक वाचनीय आहे, ब्रे यांचा हात कसलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रशियन क्रियापदाची ही खोच दोन उंबरठे ओलांडून कशी येणार? गंमत म्हणजे मराठीला हे सहज जमले असते. ‘करून ठेवले’ आणि ‘करीत राहिले’, हा फरक आपल्याकडे पोरही जाणते.

आता आमची खरी तक्रार. लेनिनच्या अंत्यविधीसाठी जी समिती होती, तिचे त्याच वर्षी नाव बदलले. नव्या नावात शब्द होते ‘उवेकोवेचेनिये पाम्यति’. ‘वेक’ म्हणजे युग, शतक. ‘पाम्यत’ म्हणजे स्मृती. स्मृती युगानुयुगे टिकवणे. इंग्रजी अभ्यासकांनी याचे ‘इम्मॉर्टलायझेशन कमिशन’ केले. स्मृती वाटेतच गळली, उरली नुसती अमर करणारी समिती! जॉन ग्रे यांच्या २०११ च्या पुस्तकाचे तर शीर्षकच ते आहे. आता क्रासिनसारखा माणूस विज्ञान एक दिवस मृतांना उठवील असे खरोखरच बोलला होता, ते आम्ही नाकारत नाही. पण तो पुरावा क्रासिनच्या भाषणात आहे, समितीच्या नावात नाही. अमरत्वाला रशियनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘बेस्मेर्तिये’. तो तिथे नाही. ‘उवेकोवेचेनिये पाम्यति’ हा सरकारी फायलीतला रोजचा शब्द. १९९३ च्या रशियन कायद्यात रणात पडलेल्या सैनिकांच्या स्मारकांसाठीही तोच आहे. आपल्या गावात कोणी ‘अमर रहे’ची घोषणा दिली आणि एखाद्या परदेशी विद्वानाने लिहिले की हे लोक प्रेत जिवंत करण्याच्या खटपटीत आहेत, तर आपण हसू. तसेच हे.

याच्या उलट, जिथे भाषांतरकाराचा नाइलाज आहे तिथे आम्ही त्याला दोष देत नाही. ‘व्स्क्रीतिये’ म्हणजे उघडणे, आणि शवविच्छेदनही. बोल्शेविकांनी १९१९ मध्ये संत सेर्गीच्या अवशेषांची पेटी लोकांसमोर उघडली ते ‘व्स्क्रीतिये’, आणि पाच वर्षांनी लेनिनचे झाले तेही ‘व्स्क्रीतिये’. रशियन कानाला दोन्ही घटना एका शब्दात ऐकू येतात. इंग्रजीला दोन शब्द घ्यावेच लागतात. आपणही तिथे हरणारच. गोव्यात पाहा ना: सेंट झेवियरच्या सोहळ्याला इंग्रजी पत्रके ‘रेलिक्स’ म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे सरळ ‘शवप्रदर्शन’.

एक मात्र जाता जाता सांगतो. रशियन व्याकरणात ‘त्रूप’, म्हणजे प्रेत, निर्जीव आहे. पण ‘पोकोयनिक’, म्हणजे गेलेला माणूस, सजीव नामासारखा चालतो. मेलेला असूनही! इंग्रजीत असा व्याकरणातला भेद नाही. आपल्या खेड्यात अजून ‘मातीला गेलो होतो’ म्हणतात, तिथे तर माणूसही नाही आणि प्रेतही नाही.

अर्जावर सही झाली. माहितीपत्रक मुलीने फायलीत लावले आहे. ‘शवसंलेपन’च्या बाजूला तिने पेन्सिलने लिहून ठेवले आहे: ‘नसेतून औषध भरणे’. खाली आमचे नाव लिहिले आहे, मागे ‘कै.’ न लावता.