यंत्रमानवाचे रंगकाम : एक रसविचार

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडलेल्या यंत्रमानवाच्या प्रतिकृतीकडे कलाकृती म्हणून पाहावे काय, असा प्रश्न कोणी काढला की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य बहुधा हसून तो बाजूस सारतो. भाग कारखान्यात तयार झालेले, जोडण्याचा क्रम पुस्तिकेत छापलेला, रंग खोक्यावरील चित्रात दाखविलेले. मग जोडणाऱ्याने आपले असे केले काय, हा त्याचा आक्षेप. आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. मात्र ते देताना या छंदाचे भाबडे स्तोत्र गाण्याचे कारण नाही. या प्रकारात कला आहे. परंतु छांदिष्टांना ती जेथे आहे असे वाटते, तेथे ती पुष्कळदा नसते, असे आमचे मत आहे.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊ. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. त्यातले रोबो पोलादाचे नव्हेत. ते रासायनिक द्रव्यातून घडविलेले, दिसण्यात माणसासारखेच असे मजूर आहेत. आज ज्याच्या प्रतिकृती घरोघर जोडल्या जातात तो यंत्रमानव निराळ्या कुळीचा. १९७९ च्या एप्रिलात जपानी दूरचित्रवाणीवर ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचे रेखाटन कुनियो ओकावारा यांचे. मालिका ठरल्याहून आधीच, ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. पण १९८० च्या जुलैत बांदाई कंपनीने तिच्यातील नायक-यंत्राचा जुळणी-संच ३०० येनांस विक्रीला काढला आणि मालिकेला न लाभलेले भाग्य या खोक्याला लाभले. हे यंत्र स्वतः विचार करीत नाही. त्याच्या धडात बसून माणूस ते चालवितो. म्हणजे चापेकच्या मजुरापेक्षा त्याचे नाते शेतावरच्या ट्रॅक्टरशी अधिक जवळचे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आरंभीच्या संचांना गोंदही लागे आणि रंगही. पुढे, विशेषतः १९९० नंतर, भाग निरनिराळ्या रंगांच्या प्लास्टिकमध्येच ओतले जाऊ लागले आणि एकमेकांत नुसते दाबून बसू लागले. आता रंगाचा एक थेंबही न लावता प्रतिकृती उभी करता येते. आक्षेपकाला उत्तर मिळते ते नेमके येथे. जेथे रंग देणे आवश्यक उरले नाही, तेथे जो रंग देतो तो स्वतःच्या निवडीने देतो. बंदिश गवयाने बांधलेली नसते, स्वरही त्याने शोधलेले नसतात. तरी मैफल त्याचीच असते. संचाचे भाग ही बंदिश समजावी आणि रंगकाम ही बढत.

ही बढत कशी होते? भाग चौकटीतून कापून घ्यावयाचे, कापल्याच्या खुणा पॉलिश पेपरने घासून काढावयाच्या, वर करड्या रंगाचे अस्तर द्यावयाचे. मग मूळ रंग पातळ थरांनी, मग पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळपट रंग उतरवावयाचा, उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा कुंचला फिरवावयाचा आणि शेवटी चकाकी मारणारा थर. या सर्वांत हाताची शिस्त लागते. पण शिस्त म्हणजे कला नव्हे. कसोटी लागते ती त्यानंतर, यंत्र वापरलेले दिसावे म्हणून त्यावर ओरखडे, गंज व धूळ रंगविताना.

येथे एक साधे गणित पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. कथेतील यंत्र १८ मीटर उंच. १/१४४ प्रमाणात त्याची प्रतिकृती साडेबारा सेंटिमीटरांची. तेव्हा तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा काढला तर मूळ यंत्रावर तो सात सेंटिमीटर रुंद चर होतो, आणि दशांश मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटरचा गिलावा. अशा चरांनी अंगभर नटलेले यंत्र रणांगणातून आलेले वाटत नाही. रंगाऱ्याच्या हातून सुटलेले वाटते.

याहून मोठा दोष कारणाविना जुनेपणाचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात अवकाशयानांच्या प्रतिकृतींवर रणगाड्यांच्या संचांतील भाग चिकटवून, त्यांना मळवून, ही याने पुष्कळ वर्षे राबलेली आहेत असा भास निर्माण केला होता. तो भास खरा ठरला, कारण त्या मळामागे वापराची कल्पना होती. अनुकरण करणाऱ्यांनी कल्पना सोडली आणि मळ तेवढा उचलला. परिणामी गंज हे प्रसाधन झाले. पूर्वी पावडर लावीत, आता काजळी लावतात, एवढाच फरक.

मुंबई-कोलकाता महामार्गावरील वडनेर भोलजीसारख्या गावी राहणाऱ्याला तरी खोक्यावरील चित्रापेक्षा चांगला गुरू शोधावयास दूर जावे लागू नये. ट्रॅक्टरचा रंग कोठे जातो ते पाहावे: पाय ठेवून चढतात त्या पायरीवर, हाताने धरतात त्या कडेवर. बॉनेटचा माथा उन्हाने फिका पडतो, बाजू तशाच राहतात. पाणी साचते तेथे गंज धरतो. आपली काळी माती ओली असता काळी, पण वाळून चिकटली की राखाडी दिसते, तपकिरी नव्हे. आणि याच वाहनाला दसऱ्याला झेंडूची माळ पडते, ट्रॉलीवर मालक आपल्या मुलांची नावे हौसेने रंगवून घेतो. बैलांच्या शिंगांना पोळ्याला हिंगूळ लावणारा हात तोच. परदेशी नमुन्यांत युद्धाच्या जखमा पुष्कळ दिसतात. यंत्रावर मालकाने केलेल्या मायेची खूण क्वचितच. आपल्याकडील रंगविणाऱ्याला ही जागा मोकळी आहे.

जवळच नांदुऱ्याला १०५ फुटांची हनुमंताची मूर्ती उभी आहे. गंडमचे यंत्र कथेतल्याप्रमाणे खरोखर उभे केले, आणि २००९ साली टोकियोच्या ओदाइबा भागात १८ मीटरांचा तसा पुतळा उभारलाही होता, तरी ते मारुतीच्या निम्म्याहून थोडे वर पोचेल. पण खरा भेद उंचीचा नाही. देवाच्या मूर्तीचा रंग उडाला तर तो पुन्हा द्यावयाचा असतो. चिरंजीवाच्या अंगावर काळाची खूण शोभत नाही. यंत्र मर्त्य आहे. त्याच्या रंगाने काळाची साक्षच द्यावयाची असते, आणि खोटी साक्ष तेथे लगेच उघडी पडते.

म्हणून अशी प्रतिकृती परीक्षेस आली असता भागांची संख्या वा खोक्याची किंमत पुसू नये. एका ओरखड्यावर बोट ठेवावे आणि हा कशाने पडला, असे विचारावे. ज्याच्यापाशी उत्तर असेल त्याने जोडण्याहून अधिक काही केले आहे. जे यंत्र कधी अस्तित्वात नव्हते त्याला त्याने गतायुष्य दिले; आणि नसलेल्याला आयुष्य देणे हे काम आपण आजवर कथाकारांकडेच मानीत आलो आहो.