परतलेल्यांची कथा

रामकथा अयोध्येतील राज्याभिषेकाने संपते, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. कारण कथेकरी आणि घरातील आजी बहुधा तेथेच आरती लावतात. परंतु कथा तेथे संपत नाही. वनवास सरला, पुष्पक उतरले, गुढ्या उभारल्या गेल्या. आणि ज्या नगरीने चौदा वर्षे वाट पाहिली, तिच्याच गल्लीतून सीतेविषयी शंका उठली. उत्तरकांड मूळचे की मागाहून जोडलेले, हा वाद आम्ही पंडितांवर सोपवतो. ज्याने ते रचले त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक होती: घरी पोचणे निराळे आणि घरात घेतले जाणे निराळे.

हीच कसोटी हिब्रू धर्मग्रंथांतील परतीच्या कथेस लावून पाहावी, असा आमचा आजचा विचार आहे. परागंदा झालेल्या प्रजेला देव स्वगृही आणतो, हा त्या वाङ्मयाचा एक प्रधान विषय होय. आपल्याकडे ख्रिस्ती वाचक तो भक्तिभावाने वाचतो आणि इतर वाचक परधर्माचा ग्रंथ म्हणून दुरूनच नमस्कार करतो. वाङ्मय म्हणून तो वाचणारे थोडे. आमच्या यवतमाळात 1953 पासून 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. पुढे ती पुण्यास गेली. शाळकरी वयात तिच्यावरून आम्ही कितीदा तरी गेलो असू. पण आत कोणत्या काव्याचे अध्ययन चालते ह्याचा पत्ता आम्हांस फार उशिरा, आणि तोही मिल्टनच्या मार्फत लागला. घराशेजारच्या विहिरीचे पाणी आम्ही विलायतेहून आणून प्यालो, असेच म्हणावयाचे!

कथेचा ऐतिहासिक सांगाडा थोडक्यात असा. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि यहूदी लोकांतील कर्त्या मंडळींस धरून नेले. पुढे इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले, आणि इ. स. पू. 538 च्या सुमारास त्यांना परतण्याची मुभा मिळाली. ह्या कोरेशाचा मातीच्या नळीवर कोरलेला एक लेख 1879 साली बाबेलच्या अवशेषांत सापडला. निरनिराळ्या देवतांना आणि लोकांना आपापल्या ठिकाणी परत पाठविल्याचे तो अभिमानाने सांगतो. यहूद्यांचे नाव मात्र त्यात नाही. राजाच्या दृष्टीने तो राज्यकारभाराचा एक साधा शिरस्ता होता. परतणाऱ्यांच्या दृष्टीने तो ईश्वराचा हात होता. एकाच घटनेची ही दोन वाचने ध्यानात ठेवल्यावाचून ह्या वाङ्मयाचे मर्म हाती लागत नाही.

परतीचे वचन देणारे काव्य मुख्यतः यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात आहे. चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग मूळ यशयाचा नसून बंदिवासातील एका अनामिक कवीचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्या कवीच्या वाणीला सीमा ठाऊक नाही. दऱ्या भरून येतात, डोंगर सखल होतात, अरण्यातून राजमार्ग निघतो. परका कोरेश तर देवाचा अभिषिक्त ठरतो. वाचकाने ह्या काव्यापुढे मान लववावी, आम्हीही लववतो. परंतु येथेच थांबणारा वाचक आरतीबरोबर उठून जाणाऱ्या श्रोत्यासारखा होय.

कारण पुढे एज्राचा ग्रंथ येतो. त्यात राजमार्ग नाही, याद्या आहेत. बेचाळीस हजार तीनशे साठ माणसे, त्यांची कुळे, त्यांचे घोडे, खेचरे, उंट व गाढवे ह्यांची गणती आहे. रसिकाला हे प्रकरण रुक्ष वाटते, आणि आम्हांसही अनेक वर्षे ते तसेच वाटत आले. पण ह्या यादीच्या शेवटाशी 652 माणसांची एक नोंद आहे: आपण खरोखर इस्राएलाच्या वंशातले, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. काही याजकांनी आपल्या वंशावळीचे कागद शोधले. ते मिळाले नाहीत, म्हणून त्यांस याजकपणातून दूर करण्यात आले. यशयाच्या कवीने डोंगर सपाट केले होते. एज्राच्या कारकुनाने दारात कागद मागितला. ग्रंथ संपतो तो परजातीच्या बायका सोडून देणाऱ्या पुरुषांच्या आणखी एका यादीने, आणि त्यांतल्या काहींना मुलेबाळे होती, हे सांगून.

येथे टीकाकाराने एज्राचा निषेध करून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. मूठभर लोक, मोडके नगर, भोवती बलाढ्य साम्राज्य. अशा स्थितीत आपलेपण टिकवावयाचे तर कुंपण घालावे लागते, ही त्याची भीती खोटी नव्हती. तथापि त्याच धर्मग्रंथांत रूथची छोटीशी कथाही आहे. नामी परदेशातून रिकाम्या हातांनी परतते, आणि तिच्यामागून तिची मवाबी सून येते, जिला ते गाव कधीच माहेर नव्हते की घर नव्हते. ह्या परक्या सुनेच्या वंशात दावीद राजा जन्मतो. एज्राची यादी आणि रूथची कथा एकाच पोथीत बांधणाऱ्यांनी दोहोंपैकी एकीलाही गप्प केले नाही, ह्यात आम्ही त्या वाङ्मयाचा मोठेपणा मानतो.

हा प्रश्न प्राचीन म्हणून बाजूस सारता येईल, तर तसेही नाही. तो आपल्या कोकणातून गेला आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुषांचे व सात स्त्रियांचे आपण वंशज, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, भाषा मराठी. 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची हाग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करीत आहेत. पुढचा सण यरुशलेमात व्हावा, ह्या इच्छेने ती पोथी वाचून संपावयाची, आणि मंडळी आपापल्या घरी, म्हणजे कोकणात, पुण्या-मुंबईत, निजावयास जावयाची. त्यांना येथे कोणी छळले नव्हते. बंदिवानांनी परमुलखात घरे बांधावीत, बागा लावाव्यात, त्या नगराचे कल्याण इच्छावे, असा जो उपदेश यिर्मयाने पत्राने केला होता, तो ह्या समाजाने जितका पाळला तितका क्वचितच कोणी पाळला असेल.

1948 साली इस्राएलचे राज्य झाले आणि हे लोक जाऊ लागले. ज्या भूमीवर ते उतरले तेथून त्याच सुमारास सात लक्षांहून अधिक पॅलेस्टिनी अरब घरांना मुकले होते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. एकाच्या परतीत दुसऱ्याची परागंदा दशा दडलेली असू शकते. तिकडे गेलेल्या काही बेने इस्राएल मंडळींनी पक्षपाताची तक्रार करून धरणे धरले, आम्हांस मुंबईस परत पाठवा अशी मागणी केली, आणि 1952 साली त्यांना परत आणण्यात आले. पुढे त्यांतील पुष्कळ पुन्हा तिकडेच गेले. घर कोणते, हा प्रश्न त्यांनी दोन्ही किनाऱ्यांना विचारला. 1962 साली तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहप्रसंगी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. दोन सहस्र वर्षे शनिवार पाळल्याचे सांगणाऱ्यांना पुन्हा वंशावळ विचारण्यात आली. एज्राच्या दारातला कारकून जणू अजून बसून होता! लोकांनी निदर्शने केली, 1964 साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे ठरविले, आणि आदेशात बदल झाला. पुढे त्याच लोकांनी तेथे मराठी नियतकालिक काढले. त्याचे नाव ‘मायबोली’. परतलेल्या माणसाने मागे राहिलेल्या घराला दिलेले हे नाव आम्हांस कोणत्याही स्तोत्राइतके बोलके वाटते.

स्तोत्रांवरून एक आठवले, ते सांगून हा लेख पुरा करू. स्तोत्रसंहितेतील 126 वे स्तोत्र परतीचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा पूर्वार्ध आनंदाचा आहे, म्हणून ते विजयगीत समजून वाचले जाते. पण उत्तरार्ध ही प्रार्थना आहे. परत आलेलेच लोक पुन्हा परतीची याचना करतात. दक्षिणेकडील कोरड्या ओढ्यांना पाणी यावे तसे आम्हांस भरून आण, म्हणतात. आणि मग रडत बी घेऊन निघालेला शेतकरी दिसतो. विलायती भाष्यकार ह्या अश्रूंत रूपक शोधतात. आमच्या जिल्ह्यात ते शोधावे लागत नाही. मृग कोरडा गेल्यावर उसने बियाणे घेऊन दुबार पेरणीस निघालेला कापूसकरी ज्याने पाहिला आहे, त्याला ते स्तोत्र भाष्यावाचून कळते. बी म्हणजे घरातले उरलेले धान्य. ते मातीत टाकावयाचे, म्हणजे आजचा घास उद्यावर ठेवावयाचा.

हिब्रूत ‘शूव’ ह्या एकाच धातूने गावी परतणेही सांगितले जाते आणि मनाने वळणेही. मराठीत आपण ‘परतणे’ आणि ‘पश्चात्ताप’ असे दोन शब्द योजतो, आणि त्या दोहोंमधला धागा तुटतो. देवाने प्रजेला घरी आणले, येथे अर्धी कथा होते. आलेल्याला दारात कागद मागावा की पाण्याचा तांब्या द्यावा, हा उरलेला अर्धा भाग घरातल्यांच्या वळण्यावर अवलंबून असतो. आणि तो अयोध्येतही अपुराच राहिला होता.