द्रावक मुकाट बसत नाही

विद्युत अपघटनावरचा मजकूर पाठ्यपुस्तकातला असो वा एखाद्या लोकप्रिय लेखातला, एक वाक्य त्यात हमखास भेटते: द्रावक क्षाराला विरघळवतो आणि आयन विद्युतधारा वाहून नेतात. वाक्य चूक नाही, अपुरे आहे. ते वाचून विद्यार्थी समजतो की द्रावक म्हणजे नुसता रंगमंच आणि पात्रे सगळी आयनांची. आमची तक्रार या समजुतीविषयी आहे.

रायगड किनाऱ्यावरच्या शिक्षकांना ती सहज तपासता येईल. पेण-उरणकडच्या मिठागरातले मीठ पाण्यात विरघळवा आणि जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरून, खिडक्या उघड्या ठेवून, थोडा वेळ धारा सोडा. धनाग्रापाशी ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो, तो क्लोरीनचा. ऋणाग्रावर मात्र सोडियम न मिळता हायड्रोजन सुटतो, आणि तो येतो पाण्यातून. म्हणजे एका टोकाला क्षार बदलला, तर दुसऱ्या टोकाला द्रावकच बदलला!

सेंद्रिय द्रावकांची गोष्टही अशीच आहे. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यात खतांबरोबरच डायमिथिल फॉर्ममाइड हे द्रावकही तयार झाले आहे. पुष्कळ क्षार विरघळवणारे हे द्रव्य 'निष्क्रिय' म्हणून वापरले जाते. पण धनाग्राचा विभव पुरेसा वाढवला की त्याचा रेणू इलेक्ट्रॉन गमावतो, मग प्रोटॉन सोडतो, आणि जवळ मिथेनॉल असल्यास ते त्याच्या मिथिल गटाला जोडले जाते. 1960 च्या दशकात रॉस, फिंकेलस्टाइन आणि पीटरसन यांनी ही अभिक्रिया अभ्यासली. द्रावकाचा 'बिघाड' हाच पुढे संश्लेषणाचा मार्ग ठरला. (हे द्रावक यकृताला अपायकारक आहे, ते वर्गात आणू नये.)

दुसरी तक्रार तक्त्यांविषयी. प्रत्येक द्रावकापुढे 'ऑक्सिडीकरणाची मर्यादा' म्हणून एकच आकडा छापलेला असतो. तो कसा मोजतात? 3 मिलीमीटर व्यासाच्या चकतीऐवजी 25 मायक्रोमीटर व्यासाचे प्लॅटिनमचे सूक्ष्म इलेक्ट्रोड घेतले, तर व्यास 120 पटीने आणि क्षेत्रफळ 14,400 पटीने घटते. दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिअँपिअर या हिशेबाने मोठ्या चकतीतून सुमारे 70 मायक्रोअँपिअर धारा जाईल, सूक्ष्म इलेक्ट्रोडमधून फक्त 5 नॅनोअँपिअर. द्रावणाचा रोध मात्र 120 पटच वाढतो. साहजिकच धारा गुणिले रोध, म्हणजे द्रावणात वाया जाणारे विभवांतर, 120 पटीने कमी होते. म्हणून क्षार अगदी थोडा असतानाही सेंद्रिय द्रावकातली मोजणी जमते.

साधन उत्तम आहे. तरी त्यातून मिळणारा आकडा हा द्रावकाचा जन्मजात गुण नव्हे. किती धारा वाहिली म्हणजे ऑक्सिडीकरण 'सुरू झाले' असे म्हणायचे, हे मोजणाराच ठरवतो. प्लॅटिनमऐवजी सोने घेतले, क्षार बदलला किंवा द्रावकात पाण्याचा अंश राहिला, तर आकडा सरकतो. संदर्भ इलेक्ट्रोड कोणते हे न सांगता दिलेल्या आकड्याला तर काहीच अर्थ नाही. समुद्रसपाटी न सांगता डोंगराची उंची सांगावी, तसे ते आहे.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीतही सेंद्रिय कार्बोनेट द्रावके असतात. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली की धन इलेक्ट्रोडवर त्यांचेच ऑक्सिडीकरण होते. वायू आणि उष्णता निर्माण होते, बॅटरी फुगते, प्रसंगी पेटते. द्रावक काही करत नाही असे शिकलेल्या मुलाला फुगलेली बॅटरी कशी समजणार?

तेव्हा धडा शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा: या भांड्यात आयनांखेरीज आणखी कोण इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकेल? पुस्तकातले वाक्य त्या प्रश्नाने पुरे होईल.