बेनरच्या पाच पायऱ्या आणि कंधारची सिस्टर

नर्सेसच्या करिअर डेव्हलपमेंटवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पॅट्रिशिया बेनर यांचं ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ (1984) संदर्भात येतंच. बहुतेक जण त्यातल्या पाच पायऱ्या (नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण, तज्ज्ञ) उतरवून घेतात आणि पुढे जातात. पण पुस्तकाची खरी ताकद पद्धतीत आहे. बेनर यांनी नवख्या आणि अनुभवी नर्सच्या जोड्या घेतल्या आणि दोघींच्या वाट्याला आलेला एकच प्रसंग दोघींकडून वेगवेगळा ऐकला. कौशल्यातला फरक त्या सांगण्यातून दिसतो. ‘सहमत-असहमत’च्या प्रश्नावलीत तो हाती लागत नाही.

अडचण पुढे आहे. पायऱ्यांचा मूळ आराखडा ड्रायफस बंधूंचा, वैमानिक आणि बुद्धिबळपटूंवरून केलेला. एकाच किंवा सारख्या कामात दोन-तीन वर्षं गेली की नर्स ‘सक्षम’ होते, असं बेनर म्हणतात. आता हे कंधारला लावून बघा. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण 30 खाटांचा साचा. तिथल्या सिस्टरला लेबर रूम, कॅज्युअल्टी, लसीकरण असं आलटून-पालटून सगळंच बघावं लागतं. गुंतागुंतीचा पेशंट नांदेडला विष्णुपुरीला रेफर होतो, त्यामुळे ती केस शेवटपर्यंत बघणंही होत नाही. कुणाला इथं ठेवायचं आणि कुणाला लगेच पाठवायचं, हे ओळखणं हीच तिची तज्ज्ञता. एका वॉर्डातली वर्षं मोजून ती कशी कळणार?

बेडसाइड न सोडताही नर्सला वाढता यावं, हा बेनर यांचा आग्रह मला पटतो. आपल्याकडची शिडी मात्र उलटी आहे. अधिपरिचारिकेची परिसेविका झाली की हातात ड्युटी लिस्ट, इंडेंट आणि रजिस्टरं येतात. पेशंट लांब जातो. अभियानातल्या कंत्राटी सिस्टरला तर ही शिडीच नाही. हात कितीही तयार झाला तरी पद तेच आणि ऑर्डर 11 महिन्यांची.

म्हणून तुमच्या तक्त्यात ‘अनुभव : 0–5 वर्षे, 6–10 वर्षे’ एवढाच रकाना असेल, तर तो फोडा. कोणत्या वॉर्डात किती महिने, कायम की कंत्राटी, बढतीनंतर पेशंटजवळ किती वेळ, हे वेगवेगळं विचारा. आणि निदान चार-पाच जोड्यांच्या मुलाखती घ्याच, त्याही ड्युटी संपल्यावर; इन्चार्ज सिस्टर समोर बसलेली असताना कोणी मोकळं बोलत नाही.