सहा पलटणी आणि एक वंशावळ

रेजिमेंटांचे इतिहास बहुधा त्यांच्याच सेवेतील मंडळी लिहितात. त्यांत अभिमान असावा हे युक्तच. परंतु अभिमान हे प्रमाण नव्हे, हा विवेक इतिहासाभ्यासकाने राखिला पाहिजे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रचलित परंपरेची या दृष्टीने थोडी चिकित्सा करण्याचे आम्ही योजिले आहे.

रेजिमेंटचे जन्मसाल १७६८ देतात. त्या साली कंपनीने मुंबईस शिपायांची दुसरी पलटण उभारली. तीच पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून प्रसिद्धीस आली. परंतु आज ज्यास आपण रेजिमेंट म्हणतो तो समुच्चय १९२२ चा. त्या वर्षी १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या सहा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनविण्यात आली. म्हणजे एका घटकाचे जन्मसाल सर्वांस लाविले गेले. नावाचेही तेच. ‘मराठा’ हे पद या पलटणींच्या नावांत १९०३ च्या पुनर्रचनेने आले. ‘लाइट इन्फन्ट्री’ हे पद सहांपैकी पहिल्या तिघींसच होते; उरलेल्या तिघींस ते विलीनीकरणाने लाभले.

कित्येक लेखक याहून पुढे जाऊन थेट शिवछत्रपतींच्या मावळ्यांशी नाते जोडतात. रणघोष महाराजांच्या नावाचा आहे हे खरे. परंतु १७६८ साली पुण्यास थोरले माधवराव पेशवे कारभार करीत होते, आणि ही पलटण त्यांच्या नव्हे, कंपनीच्या चाकरीत होती. सदर नाते भावनेचे होय, संघटनेचे नव्हे.

मग ही परंपरा खोटी काय? तसे आमचे म्हणणे नाही. १०३, ११० व ११७ या तीन पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीत गेल्या. विलीनीकरणाच्या सहा वर्षे आधीच त्यांनी एकत्र उपासमार सोसली होती. असा बंध कागदी हुकुमाने निर्माण होत नाही.

खरी कसोटी निराळी आहे. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची तिसरी पलटण, म्हणजे पूर्वीची ११० वी, १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. आता घाडगे कोणाचे? वारसा पलटणीबरोबर चालतो म्हणावे, तर ते पॅराशूटवाल्यांकडे जातात. तो रेजिमेंटकडे राहतो म्हणावे, तर रेजिमेंटचा आरंभ १९२२ च्या मागे नेता येत नाही. १७६८ साठी एक न्याय आणि १९४४ साठी दुसरा, हे एकाच ग्रंथात शोभत नाही.

आमच्या धर्मशास्त्राने या कोड्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. दत्तकास गोत्र व वारसा मिळतो, मात्र दत्तविधान कोणी लपवीत नाही. आणि जो दोन्ही घराण्यांस पिंड देतो तो द्व्यामुष्यायण होय. घाडगे तसे दोघांचे आहेत. पुढील इतिहासकारांनी प्रत्येक पलटणीचे तत्कालीन नाव, साल व स्थलांतर स्वतंत्र देऊन मगच एकत्र गौरव गावा. त्याने रेजिमेंटचा मान तिळमात्र उणा होणार नाही. उलट ज्याने जेथे रक्त सांडले, ते त्याच्याच नावे जमा होईल.