'आयदान'मधील स्त्रीश्रम : एक चिकित्सा

देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आंबेडकरी चळवळीने जातीने लादलेली कामे नाकारण्याचे बळ दलित समाजाला दिले. मात्र त्या समाजातील स्त्रीच्या श्रमाचे मूल्य कितपत बदलले, हा प्रश्न उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनातून उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

कोकणात बांबूपासून विणलेल्या सुपे, टोपल्या इत्यादी वस्तूंना आयदान म्हणतात. शिक्षक असलेल्या पतीच्या निधनानंतर लेखिकेच्या आईने आयदाने विणून मुलांना शिकविले. पुढे लेखिकेला सार्वजनिक बांधकाम विभागात नोकरी मिळाली. बांबूकडून कार्यालयाकडे, म्हणजेच परावलंबनाकडून मुक्तीकडे झालेला प्रवास, असा या कृतीचा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु तो अपुरा आहे. आई परावलंबी नव्हती. तीच घरातील मिळवती होती. उलट नोकरी करणाऱ्या लेखिकेकडून घरकामाची अपेक्षा कायम राहिली आणि तिच्या एम. ए. च्या शिक्षणास पतीचा विरोध झाला. वेतन मिळाले, पण घरातील श्रमविभागणी बदलली नाही.

येथे साहित्यकृती आकडेवारीस पूरक ठरते. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. या स्त्री कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्या व घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनीस स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. म्हणून सहभाग वाढला म्हणजे हाती पैसा व निर्णयाचा अधिकार आला, असे म्हणता येत नाही. याच सर्वेक्षणात केवळ घरकाम करणारी, किंवा घरकामासोबत घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणारी, विणकाम करणारी स्त्री श्रमबलाबाहेर राहते. विकलेली टोपली मोजली जाते. ती विणता विणता सांभाळलेली चूल मोजली जात नाही.

'आयदान'ची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. गावातील स्त्रियांच्या कष्टांचे चित्रण जितके तपशीलवार आहे, तितके कार्यालयीन कामाचे नाही. तरीही आईची वीण व स्वतःचे लेखन यांत लेखिकेने जोडलेले नाते महत्त्वाचे आहे. त्यामुळे विणकाम निव्वळ पोटापाण्याचे साधन न राहता निर्मिती ठरते.

संरक्षण आस्थापनांभोवती वाढलेल्या देहूरोडसारख्या वसाहतीत हजेरीपटावरील कामगार सहज दिसतो. त्याला वेळेवर कामावर धाडणारे घरातील हात दिसत नाहीत. ते पाहण्याची दृष्टी 'आयदान' देते, हेच या कृतीचे सामाजिक मोल होय.